"माझ्याआधी या मशीनवर किती जणांनी मत दिलं?"

हा प्रश्न मला ६ नोव्हेंबर २०१८ ला सकाळी अकराच्या सुमारास एका अंध बाईंनी विचारला. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या एका शाळेच्या जिममधलं मतदान केंद्र, आणि इलेक्शन जज म्हणून माझा पहिलाच दिवस. (इकडे केंद्रावर काम करणाऱ्या साध्या नागरिकांनाच इलेक्शन जज म्हणतात, कोर्टाशी त्याचा संबंध नाही.) मी खरं ते सांगितलं, "अजून कुणीच नाही." त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग रात्री पेटी उघडाल तेव्हा माझं मत कुणाला गेलं ते तुम्हा सगळ्यांना कळेल."

खरंच कळलं असतं. आमच्याकडे बहुतेक मतदार मोठ्या कागदी मतपत्रिकेवर पेनाने गोल भरतात आणि ती स्कॅनरमध्ये सरकवतात. ज्यांना दिसत नाही, पेन धरता येत नाही किंवा बारीक अक्षर वाचवत नाही, त्यांच्यासाठी एक्सप्रेसव्होट नावाचं मशीन असतं. त्यात कोरं कार्ड घालायचं, हेडफोनवर उमेदवारांची नावं ऐकायची, वेगवेगळ्या आकारांची आणि ब्रेल खुणांची बटणं असलेल्या कीपॅडवर निवड करायची. हातच हलत नसतील तर नळीत फुंकर मारून आणि हवा ओढून चालवायचं साधनही जोडता येतं. मशीन मत मोजत नाही, साठवत नाही, फक्त कार्डावर छापतं. ते कार्ड त्याच स्कॅनरमध्ये जातं, पण ते अरुंद असतं. शेकडो मोठ्या कागदांत असं एकच कार्ड निघालं, तर ते कुणाचं हे विचारायचीही गरज नाही.

मशीनवर दिवसभरात इतरही काही मतदारांनी मत द्यावं असं बघायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. सकाळच्या रांगेत आम्ही ते विसरलो. आणि एवढंच विसरलो नव्हतो. आदल्या संध्याकाळी मांडामांड करताना मशीन मीच लावलं होतं. प्लग जवळ म्हणून कोपऱ्यात, स्क्रीनचं तोंड रांगेकडे, समोर घडीच्या खुर्च्यांची चळत. बरोबरचे अनुभवी गृहस्थ म्हणाले होते, "त्याची फार काळजी नको करू, दिवसाला एखादा येतो." मी ऐकलं. त्या बाई आल्या तेव्हा हेडफोन सामानाच्या खोक्यात तळाशी होते. खुर्च्या हलवल्या, मशीन फिरवलं, हेडफोन शोधले, आणि तेवढा वेळ त्या काठी हातात धरून उभ्या होत्या. ज्या हक्कासाठी त्या आल्या होत्या तो आम्ही खोक्यात बंद ठेवला होता. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

मग मी टेबलापाशी उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "मशीनवर मत द्याल का?" काहींनी नाही म्हटलं. पाच जण हो म्हणाले. त्या बाईंनी स्वतःचं मत छापून घेतलं, कार्ड पुन्हा मशीनमध्ये घालून ते काय आहे ते ऐकलं, आणि आणखी पाच कार्डं स्कॅनरमध्ये जाईपर्यंत मांडीवर धरून बसल्या. मग स्वतः चालत जाऊन टाकलं.

२००२ च्या हेल्प अमेरिका व्होट अ‍ॅक्टने अपंग मतदारांना वापरता येईल असं किमान एक मशीन प्रत्येक केंद्रावर सक्तीचं केलं, १ जानेवारी २००६ पासून. त्या कायद्यात दोन शब्द आहेत ज्यांच्यावर सगळं उभं आहे: खासगीपणा आणि स्वावलंबन, इतर मतदारांना मिळतो तेवढाच. मशीन तर आलं. पण २०१६ च्या निवडणुकीत अमेरिकी संसदेच्या जीएओ या तपास संस्थेने जी १३७ केंद्रं आतून नीट पाहिली, त्यांतल्या ८९ ठिकाणी या मशीनमध्ये किंवा त्याच्या मांडणीत काही ना काही अडचण निघाली. कुठे ते चालूच केलेलं नव्हतं, कुठे हेडफोन नाहीत, कुठे व्हीलचेअरला जागा नाही, कुठे स्क्रीन येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. हा आकडा मी नंतर वाचला तेव्हा प्रत्येक गोष्ट मला ओळखीची वाटली. यातलं काहीही दुरुस्त करायला इंजिनिअर लागत नाही. आदल्या संध्याकाळची पंधरा मिनिटं लागतात.

अरुंद कार्डाच्या प्रश्नावर २०१९ मध्ये बाल्टिमोरच्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने मेरीलँडच्या निवडणूक मंडळावर फेडरल कोर्टात खटला भरला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: अंधांचं मत वेगळ्या कागदावर गेलं तर ते गुप्त राहत नाही. मला ते शंभर टक्के पटतं.

मग सगळ्यांनीच मशीनवर मत द्यावं का? जॉर्जिया राज्यात २०२० पासून केंद्रावर येणाऱ्या सगळ्यांना तसंच करावं लागतं, आणि त्यावर आक्षेप घेणारे संगणक सुरक्षेतले जाणकार लोक आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी अ‍ॅन आर्बरच्या ग्रंथालयांत लुटुपुटूची निवडणूक घेतली होती. २४१ जण होते, आणि मशीन प्रत्येकाच्या छापील मतपत्रिकेवर मुद्दाम एक निवड बदलत होतं. काही सूचना न देता सोडलं तेव्हा जेमतेम ४० टक्के लोकांनी छापलेलं तपासून पाहिलं, आणि चूक झाली असं सांगणारे ६.६ टक्के. म्हणून ते जाणकार म्हणतात की ज्याला पेन धरता येतं त्याने पेनानेच मत द्यावं. त्यांची भीती खरी आहे, मी ती झटकणार नाही. पण त्याचा अर्थ मशीन फक्त "त्यांच्यासाठी" कोपऱ्यात ठेवायचं असा काढला, तर त्या सुरक्षेची किंमत एकट्या अंध मतदाराने मोजायची असं होतं. माझं मत असं की प्रत्येक केंद्रावर पंधरा-वीस डोळस लोकांनी मशीन मागून घ्यावं आणि कार्ड टाकण्याआधी ओळ न् ओळ वाचावं. त्यात काही चुकत असेल तर डोळ्याने पाहू शकणाऱ्यालाच ते आधी सापडेल, हाही फायदा.

मला हे एवढं का लागतं ते सांगते. माझी आत्या मिरजेला असते. साखरेमुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी तिची दृष्टी गेली. आपल्याकडच्या ईव्हीएमवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, पण त्या वयात ब्रेल कोण शिकणार? नियमाप्रमाणे अंध मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती नेता येतो, म्हणून काका जातात आणि तिच्या वतीने बटण दाबतात. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, तीही काकाच बघतात. काका भला माणूस आहे, तिने सांगितलं तेच तो दाबत असणार. पण दर वेळी घरी आल्यावर ती विचारते, "मी सांगितलं त्यालाच ना हो?" आणि ते म्हणतात, "हो गं, त्यालाच." चाळीस वर्षांच्या संसारातही हा प्रश्न विचारावा लागतो, याची तिला लाज वाटते. मी तिला फोनवर इथल्या मशीनबद्दल सांगितलं तर पहिलं हेच विचारलं, "छापलेलं परत वाचून दाखवतं?"

त्या पहिल्या दिवसानंतर मी प्रत्येक निवडणुकीत मशीन मागून घेते. स्क्रीनची पाठ लोकांकडे, समोर अडीच फूट रुंद आणि चार फूट लांब जागा मोकळी. हेडफोन स्वतः कानाला लावून पहिली सूचना ऐकते, मग कार्ड कोरंच परत घेते. पांढरी काठी दिसली की आधी मतदाराशीच बोलते, बरोबरच्या माणसाशी नाही. अंध मतदाराला हवा तर सोबती घेता येतो, तोही हक्क आहे, पण ते त्यांनी ठरवायचं.

अमेरिकेत मतदार असलेल्या मराठी मंडळींना विनंती आहे. ३ नोव्हेंबर २०२६ ला केंद्रावर गेलात आणि तिथे असं मशीन दिसलं, तर ते मागा. "तुम्हाला काही अडचण आहे का?" असं कुणी विचारलं तर सांगा, नाही, पण मला यावरच द्यायचं आहे. बहुतेक ठिकाणी देतात. दोन मिनिटं जास्त लागतील.

आणि ज्यांना केंद्रावर काम करायचं आहे त्यांनी मला मेसेज करा. केंद्रावर माणसं नेहमीच कमी पडतात, दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंतचा असतो, मानधन मिळतं. प्रशिक्षणात मशीनला थोडाच वेळ येतो, म्हणून आधी काय काय बघायचं ते मी व्हिडिओ कॉलवर सांगेन. हेडफोन खोक्यातून सगळ्यांत आधी बाहेर काढायचे, इथून सुरुवात करू.