कच्छचा वासुकी: त्या मेसेजमध्ये खरं किती?

नागपंचमी जवळ आली की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतो: ‘कच्छमध्ये समुद्रमंथनातल्या वासुकीचा ५० फुटी अखंड सांगाडा सापडला! पुराण खरं ठरलं. शास्त्रज्ञांनी १९ वर्षं लपवून ठेवलं.’ यंदा आमच्या विंगमधल्या एका काकांनी तो नातवाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी दिला. पोराच्या वहीत चुकीचं जायला नको, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘समुद्रमंथनातला वासुकी.’ नाही. कच्छमध्ये ज्याचे जीवाश्म, म्हणजे दगड झालेली हाडं, मिळाली तो साप सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर येऊन झाली जेमतेम ३ लाख वर्षं. ‘वासुकी इंडिकस’ हे नाव २०२४ मध्ये संशोधकांनी ठेवलं, शंकराच्या गळ्यातल्या नागावरून. नव्या प्रजातीचं वर्णन करणारा तिचं नावही ठरवतो. गोदावरी खोऱ्यातल्या एका डायनासोरचं नाव रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ बारापासॉरस टागोरेई ठेवलंय, तसंच हे. कुणाच्या श्रद्धेला यातून आधारही मिळत नाही आणि धक्काही लागत नाही.

‘५० फुटी अखंड सांगाडा.’ मिळाले ते २७ मणके. कवटी नाही. लांबी मणक्यांच्या मापांवरून काढलेली आहे, साधारण ११ ते १५ मीटर. म्हणजे ५० फूट हे अंदाजाचं वरचं टोक झालं, टेप लावून घेतलेलं माप नव्हे.

‘१९ वर्षं लपवलं.’ या आरोपाचा मला खरोखर राग येतो. २००५ मध्ये कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट (एक प्रकारचा कोळसा) खाणीत जीवाश्मांचे अभ्यासक सुनील बाजपेयींना हे मणके मिळाले, तेव्हा ते एखाद्या मोठ्या मगरीचे वाटले होते. सगळ्यात रुंद मणका ११ सेंटीमीटरच्याही वर आहे. एवढ्या आकाराचा मणका बघून साप कुणाच्या डोक्यात येणार? बरीच वर्षं ते तसेच राहिले. पुढे देबजित दत्त या संशोधकासोबत बाजपेयींनी नव्याने अभ्यास केला तेव्हा साप असल्याचं कळलं. सापाच्या मणक्याला पुढच्या बाजूने एक जादा खुंटी असते आणि मागच्या बाजूला खाच. एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत बसते, म्हणून एवढं लांब अंग वळतं पण मणके निखळत नाहीत. मगरीच्या मणक्यात ही जोडणी नसते. पण ते दिसायला मणका खडकातून मोकळा करावा लागतो, कण न् कण खरवडून.

याआधीही असं झालंय. गुजरातमध्येच जीवाश्मांचे अभ्यासक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनासोरची अंडी आणि शेजारी बारीक हाडं मिळाली. ती डायनासोरच्या पिल्लाची समजली गेली. त्यात सापाचे मणके आहेत हे २००१ मध्ये जेफ्री विल्सन या दुसऱ्या अभ्यासकाच्या लक्षात आलं आणि त्या सापाचं ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव जाहीर व्हायला २०१० उजाडलं.