ढिलं फुलफेस म्हणजे डोक्यावरची बादली

आज सकाळी धुळ्याजवळच्या लळिंगच्या उतारावर एक पोरगं सायकलवरून पडलं. डोक्यावर फुलफेस, म्हणजे हनुवटीसकट तोंड झाकणारं हेल्मेट. फार काही नाही, कोपर सोललं. वायझर, म्हणजे कपाळावरचं पुढे आलेलं छज्जं, बाभळीच्या फांदीत अडकलं आणि हेल्मेट मागे फिरलं. उठलं तेव्हा चिन बार, म्हणजे हनुवटीपुढचा भाग, वर सरकून नाकाला टेकलेला, कपाळ उघडं! म्हणे, "भाऊ, दुकानदारानेच सांगितलं, एक नंबर मोठं घे, हवा खेळते."

डोकं फिरलं माझं.

हवा ढिलेपणातून खेळत नाही रे बाबा! ती पुढच्या भोकांतून शिरते, थर्माकोलमधल्या खाचांतून डोक्यावरून जाते आणि मागून बाहेर पडते. ऊन आहे, मान्य. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. मग भोकं जास्त असलेलं हलकं घ्या, सातशे-आठशे ग्रॅमचं. मोटारसायकलचं सव्वा-दीड किलोचं डोक्यावर घेऊन चढ मारायचा म्हणजे भट्टीत बसणं.

माप कसं घ्यायचं? भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटिमीटरवरून टेप फिरवायचा आणि त्या कंपनीचा तक्ता बघायचा. एकाचं मीडियम दुसऱ्याचं स्मॉल असतं. घातल्यावर गालाचे पॅड इतके दाबले पाहिजेत की चावताना गालाचं आतलं कातडं दाताखाली यावं. नवीन पॅड वापरून थोडे दबतातच. पट्टा आवळा, हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतकाच. मग चिन बार धरून वर ढकला, मागची कड धरून पुढे ओढा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. नुसतं हेल्मेटच हललं, तर ते तुमचं नाही.

त्याचा मित्र म्हणतो, "थोडं हललेलं बरं, मिप्ससारखं." अरे, मिप्स म्हणजे हेल्मेटच्या आतला सरकता थर. तो दहा-पंधरा मिलिमीटरच सरकतो, तोही तिरक्या धक्क्याचा पीळ डोक्यापर्यंत कमी जावा म्हणून. आणि तो चालायला हेल्मेट डोक्यावर घट्ट लागतं.

आता त्या वायझरचं. ते ज्या स्क्रूंवर बसतं ते प्लास्टिकचे का असतात? अडकलं की तुटावेत आणि मान वाचावी म्हणून. याने स्टीलचे बसवलेले! "सारखे तुटायचे, भाऊ." तुटायलाच दिलेत ना ते!

चिन बारही आतून दाबून बघा. काहींत नुसतं पोकळ प्लास्टिक असतं. ईएन १०७८, म्हणजे सायकल हेल्मेटचं युरोपातलं मानक, त्याचा शिक्का हनुवटीबद्दल काहीच सांगत नाही. उतारासाठी एएसटीएम एफ १९५२ हे अमेरिकेतलं मानक बघा, त्यात चिन बारचीही चाचणी असते. महाग पडतं, खरंय.

जरा जास्तच ओरडलो त्याच्यावर. बाकीचे तिघे तर रुमाल बांधून उतरत होते, याने निदान घेतलं तरी. नंतर सावलीत बसून पॅड काढले, थर्माकोलला चीर आहे का पाहिलं. नव्हती. असती तर हेल्मेट गेलं. दबलेलं थर्माकोल पुन्हा फुगत नाही. गालाचे जाड पॅड मिळतात, पण याचा वरचा घेरच सैल आहे. बदलावंच लागेल.

स्टीलचे स्क्रू मात्र मी काढून घेतले. माझ्याकडे प्लास्टिकचे चार जास्तीचे आहेत, टेपही आहे. रविवारी सहाला लळिंगच्या पायथ्याशी या, ज्याला माप घ्यायचंय त्याने.