जाळी बंद केली म्हणून मशीन बंद होत नाही

गेल्या पंधरवड्यात एसी-हीटिंगच्या हवेच्या जाळ्यांबद्दलचा एकच मेसेज मला तीनदा आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग नवऱ्याच्या कॉलेजमित्रांकडून, आणि शेवटी न्यू जर्सीहून भाचीकडून. तिने नुकतंच जुनं घर घेतलंय. तिथे हीटिंगची गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांमधून वर येते, तिकडे त्यांना रजिस्टर म्हणतात. तिने विचारलं, "मावशी, हे खरं आहे का गं? तू हेच काम करतेस ना?"

हो, हेच करते. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात अठरा वर्षं डक्टिंगची, म्हणजे एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या नळ्यांची, ड्रॉइंग काढतेय. म्हणून सविस्तर लिहिते.

मेसेजमध्ये चार सल्ले आहेत. वापरात नसलेल्या खोल्यांच्या जाळ्या घट्ट बंद करा, बिल एक तृतीयांशाने कमी होईल. नवी जाळी घेताना जुनीची बाहेरची फ्रेम मोजा. धूळ अडवायला प्रत्येक जाळीमागे फिल्टरचं कापड लावा. हवा आत ओढणारी मोठी जाळी सोफ्यामागे गेली तरी चालते. चारही चुकीचे आहेत, आणि पहिला तर धोक्याचा.

तो पटतो, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत प्रत्येक खोलीला वेगळा स्प्लिट एसी असतो. बेडरूमचा बंद केला की तेवढी वीज खरंच वाचते. पण घोडबंदर रोडच्या मोठ्या फ्लॅटमधला डक्टेबल एसी किंवा भाचीच्या तळघरातली फर्नेस (गॅसवर हवा तापवणारी भट्टी), यांत सगळ्या घराला मशीन एक आणि ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, एक. तो ब्लोअर सगळ्या जाळ्या उघड्या आहेत असं धरून निवडलेला असतो. तुम्ही दोन खोल्यांच्या जाळ्या मिटल्या हे मशीनला कळत नाही. डक्टमधला दाब मात्र वाढतो, आणि अडलेली हवा फट मिळेल तिथून सुटते: डक्ट जोडणाऱ्या कॉलरच्या सांध्यातून, फ्लेक्सिबल डक्टच्या सैल पट्ट्याखालून. आपल्याकडे ती फॉल्स सीलिंगच्या पोकळीत जाते, तिकडे माळ्यात किंवा तळघरात.

गळती थोडी नसते. अमेरिकेतला सरकारी एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो की तिकडच्या सर्वसाधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा वाटेतच वाया जाते. जाळ्या मिटून काय होतं हे कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २००३ साली तपासलं. बंद खोलीत जेवढी ऊर्जा वाचते, त्याहून जास्त वाढलेल्या गळतीत जाते, असं जवळजवळ प्रत्येक वेळी दिसलं. शिवाय हवेचं प्रमाण कायम ठेवणारी नव्या पद्धतीची मोटर असेल, तर ती दाबावर मात करायला वेग वाढवते आणि जास्त वीज खाते. जुन्या मोटरची हवाच कमी होते.

हवा कमी झाली की काय होतं ते मी मागच्या मे महिन्यात कोलशेतच्या एका फ्लॅटमध्ये पाहिलं. मुलं सुट्टीत गावाला गेली म्हणून काकूंनी दोन बेडरूमच्या जाळ्या बंद केल्या होत्या. चौथ्या दिवशी हॉलच्या सीलिंगला बशीएवढा पिवळा डाग पडला. पॅनल उघडलं तर हवा गार करणारी कॉइल दिसतच नव्हती, पत्र्याच्या पाकळ्यांवर दोन बोटं जाड पांढरा बर्फ. पुरेशी गरम हवा कॉइलवरून गेली नाही, म्हणून कॉइल गोठली, आणि रात्री मशीन बंद झाल्यावर एवढा बर्फ एकदम वितळून ट्रे भरून वाहिला. काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अहो, मी तर वीज वाचवत होते." त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

फर्नेसमध्ये उलट घडतं. हवा कमी पडली की हीट एक्स्चेंजर (ज्याच्या पत्र्यातून गॅसची उष्णता हवेला मिळते तो भाग) फार तापतो आणि सुरक्षेसाठीचा लिमिट स्विच बर्नर बंद करतो. थोडं थंड झालं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असं तापून-निवून पत्र्याला तडा जाऊ शकतो, आणि जळलेल्या गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला ना वास, ना रंग. ठाण्यात दारं-खिडक्या मिटलेल्या बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे माणसं जातात, तोच हा वायू. (तुमच्या बाथरूमची वरची जाळी थंडी लागते म्हणून पुठ्ठ्याने झाकली असेल, तर आधी तो पुठ्ठा काढा.) आणि न्यू जर्सीच्या जानेवारीत न तापवलेल्या खोलीच्या भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात, ते वेगळंच.

एखादी खोली फारच गार पडते म्हणून तिचा डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी पट्टी, थोडा वळवणं ठीक आहे, आम्हीही खोल्यांत हवा वाटून देताना (बॅलन्सिंग) तेच करतो. आक्षेप घट्ट मिटण्याला आहे.

आता माप. फ्रेम मोजून मागवलेली जाळी परत पाठवावी लागते, कारण जाळीचं माप म्हणजे खाली जाणाऱ्या गळ्याचं माप. जुनी उचला आणि भोक मोजा, आधी रुंदी, मग लांबी. अमेरिकेत ४ बाय १० इंच हे जमिनीतलं अगदी नेहमीचं माप, आणि वरची फ्रेम त्याहून प्रत्येक बाजूने मोठी असते.

मापाइतकीच मोकळी जागा बघायची. भाचीला कोरीव लाकडी जाळ्या आवडल्या होत्या. ४ बाय १० चं भोक म्हणजे ४० चौरस इंच. नक्षीने निम्मं झाकलं तर २० उरतात. त्यातून मिनिटाला १०० घनफूट हवा जायची असेल तर वेग मिनिटाला ७२० फूट होतो, आणि घरात रात्रभर सूं असा आवाज येतो. तीन चतुर्थांश मोकळी असलेली साधी स्टीलची जाळी घेतली की वेग ४८० वर येतो. लाकूड घ्यायचंच असेल तर रुंद फटींचं घ्या. 

जाळीमागचं कापड म्हणजे अर्धी बंद जाळीच, वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू. धूळ अडवायची जागा रिटर्नकडे, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या मोठ्या जाळीकडे आहे, तिथला एक फिल्टर वेळेवर बदला.

आणि त्याच रिटर्नला सोफा लावायचा? जेवढी हवा परत येते तेवढीच ब्लोअर पुढे ढकलू शकतो. तिथे डॅम्पर नसतो तो याचसाठी. कागदी रुमाल त्या जाळीजवळ धरा, तो ओढला जाऊन चिकटला पाहिजे. सोफा सरकवून पुन्हा धरून पाहा.

भाचीने काल रात्री फोटो पाठवला. जमिनीतलं भोक, कडेला जुना धुळकट पत्रा, त्यावर आडवी टेप. ४ बाय १०, बरोबर. "स्टीलच्या मागवल्या, मावशी. आणि वरच्या मजल्यावरच्या दोन बंद होत्या, त्या उघडल्या."