फक्त मागचा काढूचा आसा!

"दादा, फक्त मागचा काढूचा आसा." मागचा म्हणजे माणसामागचं दृश्य, ते काढून दुसरं लावायचं. मालवणात लग्नाचे व्हिडिओ एडिट करताना गिऱ्हाइकांचं हे 'फक्त' ऐकून कान किटले.

हिरव्या पडद्यासमोर नवरीला उभी करतात, तीही हिरवा चुडा भरून, हिरव्या शालूत. अहो, सॉफ्टवेअरला काय कळतं चुडा कुठला नि पडदा कुठला? हिरवं दिसलं की गायब. मनगटाला भोकं! मग ती भरत बसा एकेक फ्रेम, सेकंदाला २५. निळा पडदाही मिळतो, पण विचारतो कोण? त्यात पडद्याला अगदी खेटून उभं करायचं, म्हणजे गालावर हिरवी झाक आलीच. शूटिंग मोबाइलवर, म्हणजे बहुतेकदा ४:२:०, रंगाची माहिती कमी साठवायची पद्धत. चार पिक्सेलांत मिळून रंगाची माहिती एकदाच. म्हणून पडदा काढला की केसांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. वर तो व्हिडिओ चॅटवरून, फाइल दाबून लहान करून पाठवलेला.

आणि मागे लावायचं काय, तर स्वित्झर्लंडचा बर्फ! सिंधुदुर्ग किल्ला समोर पाण्यात उभा आहे, तो नको. नवरदेवाच्या कपाळावरून घाम निथळतोय, ऊन उजवीकडून, बर्फावरचा उजेड डावीकडून.

"सांजेपर्यंत होतला मा?"