पोरांची उमेद स्वस्तात कशी मारावी

बेळगावच्या उद्यमबागेत तुमची लोखंड ओतायची छोटी फाउंड्री आहे आणि पोरं उगाच जीव तोडून कामं करतात? घाबरू नका मालक, यावर इलाज आहे.

व्हिक्टर व्रूम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1964 साली याचं गणित मांडून ठेवलंय. राबलो तर जमेल हा भरवसा, जमलं तर पदरात काही पडेल हा भरवसा, आणि जे पडेल त्याची मनापासून ओढ. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे माणसाची उमेद. बेरीज असती तर तिन्ही मारावी लागली असती. गुणाकारात एक शून्य केलं की भागतं. (असलं काटकसरीचं शास्त्र दुसरं नाही.)

सुरुवात पावसाळ्यात करा. बेळगावचा पाऊस, साच्यांची वाळू ओली, अशा वेळी फळ्यावर लिहा : 'या महिन्यात रिजेक्शन शून्य'. ओल्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं की वाफ होते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या पीसला, भोकं पडतात, हे साचे करणाऱ्या पोराला पाठ असतं. तुम्हालाही असतं. वाळूवर पत्रे मात्र घालू नका.

बोनसचं कुणी विचारलं तर 'बघू की' म्हणा. दसऱ्याला म्हणा, दिवाळीला म्हणा. शेवटी द्यायची वेळ आलीच, तर एकही पीस न बिघडवणाऱ्याला आणि दिवसभर तंबाखू मळत बसणाऱ्याला अगदी सारखा द्या.

बक्षीस मात्र निवडून द्या, म्हणजे तुम्हाला आवडेल ते. कुंद्याचा, म्हणजे बेळगावी मिठाईचा, डबा झकास, त्यातही साखर झालेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला. व्रूमच्या हिशेबात ओढ शून्यावर थांबत नाही, उणे एकपर्यंत खाली जाते. सत्कार रविवारी ठेवा. सुट्टीही जाईल.

खानापूरकडून येणारं एक पोरगं जुलैत भाताच्या लावणीला दोन दिवस सुट्टी मागेल. त्या दोन दिवसांसाठी ते आधीचा अख्खा महिना मान खाली घालून साचे करेल आणि तुमचं फारसं काही जाणारही नाही. म्हणूनच त्याला हो म्हणू नका. आणि तुला काय हवं, हे तर कधीच विचारू नका.

सत्काराला ते आलं नाही तर फोन लावा. 'मालक, चिखलात हाय की,' म्हणेल.

त्याचाही डबा मिस्त्रीलाच देऊन टाका.