तिरकी करून बघा

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली आणि रत्नागिरीचं निम्मं मिरकरवाडा बंदर समुद्रात बाहेर पडलं. धक्क्याला उरलो मी, आमच्या बोटीचं वीस वर्षं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन आणि छत्रीवाले एक काका.

"काय झालं?"

"डिझेलच्या नळीत हवा धरलीय."

इथेच चुकलो. 'बिघडलंय' म्हणालो असतो तर ते चहाला गेले असते.

फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल केला आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीडपंपाचा हातपंप मारायला बसलो.

"हवा काढायची म्हणता आणि पंप मारता?"

"डिझेल पुढे ढकलतोय काका, ते हवेला बाहेर लोटतं."

"सायकलला उलटं असतं."

सायकलला असेल. इथे आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. ते वाहतं असतानाच स्क्रू आवळायचा, नाहीतर हवा परत आत. मग सिलिंडरला दाबानं डिझेल पाठवणाऱ्या मोठ्या पंपावरचा स्क्रू, तसाच. चाळीस-पन्नास दट्टे झाले, अंगठा सोलला.

"आमची स्कूटर होती. तिरकी केली की एका किकमध्ये चालू. ही तिरकी करून बघा."

"बारा टनांची आहे."

"मग चार माणसं बोलवा."

हवा येते कुठून, हे त्यांनी विचारलं नाही, तरी सांगतो. टाकीपासून फीडपंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथल्या भेगेतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. वरून सगळं कोरडं, सोज्वळ. फूटभर पारदर्शक नळी मध्ये जोडली की बुडबुडे पळताना दिसतात. आमच्याकडे गुन्हेगार निघाला तांब्याचा वायसर. दहा वेळा आवळून दगड झालेला. लाल तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो, पण आमच्या बोटमालक दादांना तो 'अजून चांगला' दिसतो.

दादांना टाकीही मेमध्ये भरायची नसते. "दोन महिने डिझेलात पैसे अडकवू?" मग अर्धी टाकी पावसाळाभर दमट हवा पिते, पत्र्याला घाम फुटतो, पाणी तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे शेवाळासारखा काळा चिकटा धरतो. तो धक्क्यावर गप्प असतो. बाहेर पहिली लाट टाकी घुसळते आणि फिल्टर चोंदतो. पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच, त्यात पाणी गेलं की पंप आणि सिलिंडरात डिझेल फवारणारे नोजल दोन्ही खातं. तळाचा नट सोडून दोन लिटर पाणी मीच काढलं. ते बघायला दादा नव्हते. काका होते.

शेवटी नोजलच्या नळ्या. १७ चा पाना, सहापैकी तीन नळ्यांचा एकेक नट फक्त एक आटा सैल. हात लांब, कारण ती धार कातडीत घुसते. स्टार्टर दहा सेकंद, मग दोन मिनिटं विश्रांती. पहिली नळी थुंकली, दुसरी थुंकली, तिसरीतून सलग धार आली. तिन्ही नट आवळले, बटण दाबलं. नेमका तेव्हाच उशिरा निघालेला एक ट्रॉलर शेजारून गेला. त्याच्या लाटेनं आमची बोट एका अंगाला कलली आणि इंजिन धडधडलं.

"बघा!" काकांनी छत्री उंचावली. "तिरकी झाली!"

काल शेजारच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आला. त्याचंही चालू होत नव्हतं. पाना काढायला मी वाकलो, तर म्हणतो, "तुम्ही र्‍हाऊ द्या. ते छत्रीवाले काका किती वाजता येतात?"