गुरुजींवर खटला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे. पण तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाची आहे, त्यामुळे ‘धन्यवाद, विचार करते’ एवढं लिहून मला सुटता येणार नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पोलंडमधल्या वॉर्सात यानुश कोर्चाक या डॉक्टर-शिक्षकाच्या अनाथालयात मुलांचं न्यायालय होतं, तिथे मुलं मोठ्यांवरही तक्रार करू शकत. त्यावर मी मागे लिहिलं होतं. सरांचे आक्षेप तीन. मुलांनी शिक्षकावर खटला भरणं हा पोरखेळ आहे. ‘मुलांचं म्हणणं ऐका’ हे परदेशातून आलेलं फॅड आहे. आणि बालसभेत मुलं जे बोलतात ते संस्थेच्या ताईनं पढवलेलं असतं.

फॅडचं आधी उरकते. घटस्फोटात मूल आईकडे की बापाकडे, असा वाद कोर्टात जातो तेव्हा आपल्याकडे 1890 चा पालक व पाल्य कायदाही लागतो. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं, अशी तरतूद त्याच्या 17 व्या कलमात आहे. कायदा इंग्रजांनी केला हे खरं, पण मग भारतीय दंड संहिताही त्यांचीच होती आणि ती आपण 2024 पर्यंत वापरली. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 चा. भारतानं तो 11 डिसेंबर 1992 ला स्वीकारला. त्याचं 12 वं कलम मुलाला निर्णयाचा अधिकार देतच नाही. ज्या गोष्टीचा मुलावर परिणाम होणार त्याबद्दल त्याला बोलू द्या आणि वय, समज पाहून त्या बोलण्याला वजन द्या, एवढंच ते म्हणतं. ‘उद्या मुलं म्हणतील गणित नको, मग?’ असं तुम्ही विचारलंय. मग गणित शिकवायचंच. फक्त ते नकोसं का झालंय, हे एकदा ऐकून घ्यायचं.

आता न्यायालय. माझा लेख इथे कमी पडला, हे कबूल. मी त्याचं कौतुक केलं, ते चालायचं कसं हे नीट सांगितलं नाही. अनाथालय 1912 मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावर सुरू झालं. कोर्चाक पेशानं मुलांचा डॉक्टर. न्यायाधीश पाच, तेही मुलंच. ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. कलमं हजारापर्यंत, पण पहिली 99 सगळी सोडून देण्याची किंवा माफीची. शंभराव्या कलमापासून पुढे दोषाची भाषा येते, तीही शंभरा-शंभराच्या उड्यांनी. अगदी शेवटचं, हजारावं कलम घरातून काढून टाकण्याचं. म्हणजे सर, तुम्हाला वाटतंय तसा तो मुलांच्या हाती दिलेला चाबूक नव्हता. उलट बदला घ्यायची मुलांची खोड मोडावी, हाही त्यामागचा एक हेतू होता.

आणि ते काही सुरळीत चाललं नाही. मुलांनी त्याचा खेळ केला, काहींना ते नकोसंही झालं. शेवटी कोर्चाकनंच ते काही काळ बंद ठेवलं आणि दुरुस्त्या करून पुन्हा सुरू केलं. तुमच्यातला मुख्याध्यापक इथे मनातल्या मनात ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ म्हणेल. म्हणा. पण ज्या खटल्यांवर तुमचा राग आहे, ते तर त्यानं आपण होऊन स्वतःवर भरून घेतले होते. सहा महिन्यांत पाच. एका मुलाचा कान पिळला म्हणून, एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढलं म्हणून, एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. यातून आपण काय शिकलो, तेही त्यानं लिहून ठेवलंय. मुलांवर माया आहे म्हणून नव्हे, तर आपल्या मनमानीला अडवणारी एक व्यवस्था उभी आहे म्हणून आपण मुलांशी नीट वागतो. मायाळू शिक्षक मलाही भेटलेत. त्यांचा मूड गेला की माया कुठे जायची, हेही आठवतं.

राहिला पढवण्याचा मुद्दा. इथे तुमचं बरोबर आहे. ‘आम्हांस वाचनालय हवे’ असं पुस्तकी मराठीत बोलणारं पोर मीही पाहिलंय, आणि तेही आमच्याच शाळा व्यवस्थापन समितीत, मी पालक सदस्य असताना. मुलांच्या सहभागाचा अभ्यास करणाऱ्या रॉजर हार्टनं 1992 मध्ये त्याची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं विचारणं. त्यांना तो सहभाग मानतच नाही. आमची बैठक त्या तिघींच्या मध्येच कुठेतरी होती.

त्या दिवशी दोन मुलं बोलावली होती. मुलगा पाठ केलेलं बोलला. सातवीतली मुलगी गप्प. मग दोघांना बिस्किटं देऊन बाहेर पाठवलं. बैठक संपल्यावर व्हरांड्यात ती मुलगी एका आईला म्हणाली, “मुलींच्या संडासाची कडी तुटलीय. एकीला बाहेरून दार धरून उभं राहावं लागतं.” म्हणून काही मुली दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. समितीत कायद्याप्रमाणे निम्म्या बायका होत्या. एकीलाही हे ठाऊक नव्हतं. आम्ही शाळेत गेलो की शिक्षकांच्या संडासात जायचो ना.

हे तिला कुणी पढवलं असेल, सर?

पुढच्या बैठकीला ती पुन्हा आली. या वेळी बिस्किटांआधीच तिनं विचारलं, “कडीचं काय झालं?” अकरा मोठी माणसं एकमेकांकडे बघत होती. तोपर्यंत आम्ही मुलांना विचारत होतो, पण मुलं आम्हाला विचारतील हे कुणी धरलंच नव्हतं. माझ्या लेखात मला खरं तर ही बैठक लिहायला हवी होती, वॉर्साचं मागाहून.

कडी आठवड्याभरात बसली. वाचनालयाचं कपाट अजून यायचंय.